पोपटाला गुंगी द्यावी का?



आधीच सांगून टाकतो, मी पशुवैद्य नाही. आयुष्य फौजेत गेलं, निवृत्तीनंतर बेंगळुरूला घर केलं, आणि आता घरात एक आफ्रिकन ग्रे पोपट आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते पिंजऱ्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं आहे. औषधाचं प्रमाण मी सांगणार नाही, कुणी विचारूही नका. पण डॉक्टर जेव्हा म्हणतात, "याला थोडी गुंगी द्यावी लागेल," तेव्हा मालकाच्या पोटात जो गोळा येतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे. त्या गोळ्यापायी माझ्या हातून एक पक्षी गेला.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नोकरीत होतो. शहराचं नाव सांगत नाही. आमच्याकडे चिंगी नावाची कॉकटील होती, पिवळ्या तुऱ्याची, नव्वद ग्रॅम वजनाची. तिचं पोट फुगलं, ती दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसायला लागली. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. अंडं अडकलं असावं असं त्यांना वाटलं आणि एक्स-रे काढायचं ठरलं. ते म्हणाले, "थोडा गॅस देऊन काढू या." मी म्हटलं, "एवढ्याशा जिवाला भूल? अजिबात नाही. मी धरतो." आवाज फौजेतलाच. ते बिचारे गप्प बसले.

मी धरलं. घट्ट धरलं, कारण ती फडफडत होती. पहिला एक्स-रे हलला. दुसराही हलला. तिसऱ्या वेळी मी आणखी घट्ट धरलं. तिने चोच उघडली, जोरजोरात श्वास घेतला आणि मान टाकली. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील.

पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत होतो की चिंगी आजाराने गेली. मनातल्या मनात तर स्वतःची पाठही थोपटत होतो, की बरं झालं, निदान भुलेचं औषध तरी तिच्या अंगात गेलं नाही. काय झालं होतं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. ते समजायचं असेल तर पक्षी श्वास कसा घेतो ते आधी पाहायला हवं.

तुमच्या-माझ्या छातीखाली एक पडदा असतो. तो खाली गेला की फुप्फुसात हवा भरते. पक्ष्याला असा पडदा नसतो. त्याची फुप्फुसं पाठीला चिकटलेली, जवळजवळ न हलणारी असतात. हवा आत-बाहेर करतात त्या हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ, छातीपासून पोटापर्यंत पसरलेल्या. आणि त्या पिशव्यांचा भाता चालतो छातीच्या हाडाच्या हालचालीवर. ते हाड पुढे गेलं की हवा आत, मागे आलं की हवा बाहेर. म्हणजे तुम्ही पक्ष्याचं नाक मोकळं ठेवलं, मान मोकळी ठेवली आणि छातीभोवती मूठ आवळली, तर त्याचा श्वास बंद. मी नेमकं तेच केलं होतं. शिवाय पक्ष्याच्या अंगात मुळातच चाळीस-बेचाळीस अंश तापमान असतं. धडपड आणि भीती यांनी ते मुठीत आणखी चढतं. आजारी पक्ष्याकडे एवढं सोसायची ताकद नसते. तो आजार लपवून कसाबसा दांडीवर बसलेला असतो, कारण रानात जो आजारी दिसतो तो आधी मारला जातो.

आता नीट ऐका. गॅस दिला असता तर चिंगी वाचली असती, असं मी म्हणत नाही. ती आजारी होतीच. पण "धरणं म्हणजे सुरक्षित आणि औषध म्हणजे धोका" हा जो हिशेब मी मांडला होता, तो चुकीचा होता. धरण्यालाही धोका असतो, तो फक्त कुठल्या बिलावर लिहिलेला नसतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की कर्नल आता भुलेच्या बाजूने प्रचार करायला निघाले. ब्रिटनमध्ये शंभरावर पशुवैद्यकीय केंद्रांनी मिळून एक मोठी पाहणी केली होती, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. गुंगी किंवा भूल दिल्यानंतर अठ्ठेचाळीस तासांत त्या कारणाने किती प्राणी गेले, हे त्यांनी मोजलं. कुत्र्यांमध्ये प्रमाण होतं ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४. पोपटांमध्ये जवळजवळ ४ टक्के. आणि बजरीगार, ज्यांना आपल्याकडे दुकानदार सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, त्यांच्यात १६ टक्क्यांच्या वर. आकडा ऐकून घाबरायला होतं. पण पाहणीत बजरीगार होते पन्नासच्या आसपास, पोपट सव्वाशेच्या घरात. एवढ्या थोड्या पक्ष्यांवरून टक्केवारी काढली की ती पटकन वर-खाली होते. शिवाय पक्षी डॉक्टरांकडे येतो तोच बहुधा शेवटच्या घटकेला. तरी भीती अगदीच निराधार आहे असं मला कुणाला सांगता येणार नाही.

मग करायचं काय? इथे मराठीने आपली सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, गुंगी आणि भूल, आणि डॉक्टरांच्या लेखीही त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण घाबरून दोन्हींना एकाच पोत्यात घालतो.

भूल म्हणजे पक्षी पूर्ण झोपला. त्यासाठी बहुधा आयसोफ्लुरेन नावाचा गॅस वापरतात, ऑक्सिजनबरोबर, चोचीवर छोटा मुखवटा धरून. पक्ष्याची श्वसनव्यवस्था इतकी कार्यक्षम असते की गॅस झटकन लागतो आणि बंद केला की काही मिनिटांत उतरतोही. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवायचे ते याच कारणाने, विषारी वायू माणसाच्या आधी त्यांना लागतो. पण जे झटकन लागतं ते झटकन जास्तही होतं. म्हणून भूल दिली की एका माणसाने दुसरं काही न करता फक्त श्वास आणि हृदयाचे ठोके पाहत बसायचं असतं.

गुंगी म्हणजे पक्षी जागा आहे, दांडीवर बसूही शकतो, पण त्याची भीती उतरली आहे. यासाठी मिडाझोलाम हे औषध पुष्कळ ठिकाणी वापरतात. ते नाकपुडीत थेंबांनी देता येतं, सुई टोचावी लागत नाही. २०१२ साली अॅमेझॉन पोपटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नाकात थेंब टाकल्यावर तीन मिनिटांत गुंगी आली, धरल्यावरचा आरडाओरडा आणि झटापट कमी झाली, आणि उतारा म्हणून दुसरं औषध, फ्लुमाझेनिल, नाकातूनच दिलं तेव्हा गुंगी उतरली. उतारा हाताशी आहे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माघारीची वाट ठरवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

आता आमच्या गुंडूकडे येतो. गुंडू माझ्या एका कोर्समेटचा. तो वारला, त्याच्या मुली परदेशी, म्हणून पोपट आमच्याकडे आला. येताना कागदपत्रांसह आला, आणि ती आम्ही सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदवली. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी पक्ष्यांची नोंद करावी लागते. गुंडूला कन्नड येतं, थोडी हिंदी येते, आणि कुकरच्या शिट्ट्या तो इतक्या हुबेहूब काढतो की आमच्या सौभाग्यवती दोनदा गॅस बंद करायला धावल्या आहेत.

मी त्याला रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभा करतो आणि वजन वहीत लिहितो. मागच्या हिवाळ्यात ते ४६२ ग्रॅमवरून दहा दिवसांत ४३१ वर आलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, गुंडू शिट्ट्या मारतच होता. मग लक्षात आलं की श्वासाबरोबर त्याची शेपटी खाली-वर होते आहे. ही वाईट खूण. पक्षी बघणारे डॉक्टर बेंगळुरूतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आम्ही जिथे गेलो ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. रस्त्यात दीड तास, बाहेर बाकावर तीन लॅब्राडॉर, आणि मांडीवर चादरीने झाकलेला पिंजरा.

डॉक्टर तरुण मुलगी. तिने गुंडूला हातही न लावता दहा मिनिटं नुसतं पाहिलं. मग म्हणाली, एक्स-रे आणि रक्त दोन्ही लागेल, आणि त्यासाठी गुंगी लागेल. माझ्या डोळ्यांपुढे चिंगी. तोंडातून "मी धरतो" निघणारच होतं. सौ. हळूच म्हणाली, "अहो, या वेळी तुम्ही नका ठरवू. नुसतं विचारा."

म्हणून मी विचारलं, आणि तेच प्रश्न तुम्हीही विचारावेत असं मला वाटतं. गुंगी कशासाठी? ती म्हणाली, एक्स-रेत पंख पसरून पाठीवर स्थिर झोपवावं लागतं, जागा पोपट ते करू देणार नाही, आणि पाठीवर झोपलं की पोटातल्या अवयवांचं ओझं हवेच्या पिशव्यांवर येतं, म्हणून हे काम लवकर उरकायला हवं. श्वासाचा त्रास असताना द्यायची का? आधी वीस मिनिटं ऑक्सिजनच्या पेटीत ठेवते, सुधारला तरच पुढे जाऊ. उतारा आहे? आहे, आताच भरून ठेवते. लक्ष कोण ठेवेल? माझी सहकारी, तिला दुसरं काम नाही. रक्त किती? वजनाच्या एक टक्क्याच्या आतच, म्हणजे कमाल सव्वाचार मिलिलिटर, पण मला एवढं लागणार नाही. ऊब? गादी गरम करून ठेवली आहे. बेंगळुरूची जानेवारीतली सकाळ आपल्याला छान वाटते, गुंगीतला पक्षी मात्र फार लवकर थंड पडतो.

एकाही प्रश्नाला तिने कपाळाला आठी घातली नाही. ज्या डॉक्टरला हे प्रश्न आवडत नाहीत, किंवा जो पक्ष्याचं वजनच करत नाही आणि अंदाजाने औषध भरतो, तिथून पिंजरा उचलून निघावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सगळ्याला गुंगी लागतेच असंही नाही. वजन, विष्ठा, डोळे, नाक, पिसं, नखं कापणं, एवढं शांत पक्ष्याचं टॉवेलमध्ये धरून होतं. टॉवेल पाठीवरून, बोटं जबड्याच्या दोन बाजूंना, छाती मोकळी.

ऑक्सिजनमध्ये गुंडूची शेपटी थोडी स्थिर झाली. मग नाकात थेंब. तीनेक मिनिटांत त्याचे डोळे अर्धवट मिटले, पिसं सैल पडली. मी काचेतून पाहत होतो. सीमेवरच्या चौकीत मी शांतपणे झोपलो आहे, तिथे मला बसवेना. बारा-तेरा मिनिटांत सगळं आटोपलं. उतारा दिला, आणि थोड्या वेळाने पेटीतून कुकरची एक शिट्टी आली, जरा बेसूर.

हवेच्या पिशवीत बुरशीचा संसर्ग निघाला. पाच महिने औषध, रोज वाफारा. आज वजन ४५८ आहे.

आता घरी काय करायचं ते भराभर सांगतो. प्रवासाचा छोटा पिंजरा आजारपणाच्या दिवशी पहिल्यांदा दाखवू नका. तो वर्षभर घरात उघडा ठेवा, आत शेंगदाणा ठेवा. टॉवेलचंही तसंच, खेळात दाखवा, अंगावर घ्या, सोडून द्या. गुंडूला आता टॉवेल दिसला की तो स्वतः खाली शिरतो. उपाशी ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. गळ्याखालच्या पिशवीत अन्न असेल तर ते श्वासनळीत जायची भीती असते, पण कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवलं तर लहान पक्षी त्यानेच खचतो.

आणि घरी गुंगी द्यायची नाही. माणसाच्या झोपेच्या गोळीचा तुकडा नाही, खोकल्याचं औषध नाही. माझ्या फौजी मित्रांना विशेष विनंती, दोन थेंब रमही नाही. आपल्याला ती सगळ्या रोगांवर चालते, पोपटाला ते विष आहे.

एक विषय राहिला. तुमच्यापैकी काहींच्या घरी हिरवा मिठू असेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपला देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, आणि म्हणूनच तो आजारी पडला तरी लोक त्याला डॉक्टरांकडे नेत नाहीत, घरीच हळद लावत बसतात. माणसाळलेला पोपट गच्चीवरून सोडून देणं हाही उपाय नव्हे, कावळे आणि घारी त्याला टिकू देत नाहीत. वन विभागाशी बोला. बेंगळुरूत केंगेरीला पीपल फॉर अॅनिमल्सचं वन्यजीव रुग्णालय आहे, तुमच्या गावाजवळ कुठलं केंद्र आहे ते वन विभागच सांगेल.

माझं बोलणं एवढंच. आता तुमचे प्रश्न घेऊ. औषधाचं प्रमाण सोडून.