दहशतीचा आवाज

शेरलॉक होम्स म्हटला की धुके, घोडागाडी आणि ती प्रसिद्ध शिकारी टोपी डोळ्यांपुढे उभी राहते. १९४२ साली अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीने काढलेल्या ‘शेरलॉक होम्स अँड द व्हॉइस ऑफ टेरर’ या बोलपटात मात्र महायुद्धाने होरपळणारे लंडन आहे. होम्स सवयीने ती टोपी उचलू लागतो, तोच वॉटसन त्याला दिलेल्या वचनाची आठवण करून देतो आणि तो निमूटपणे दुसरी टोपी घेतो. एवढ्या एका विनोदावर दिग्दर्शक जॉन रॉलिन्स यांनी काळ पालटून टाकला आहे!

कथेतील खरा खलपुरुष म्हणजे जर्मन रेडिओवरून येणारा एक आवाज. आगगाडी उलटते, कारखाना पेटतो, आणि त्याच घटकेला तो आवाज इंग्रजांना ही वार्ता आनंदाने ऐकवितो. गुप्तहेर खात्याचे वरिष्ठ मंडळ हतबल होऊन होम्सला बोलावते. त्याचा एक हस्तक बेकर स्ट्रीटच्या दारात पाठीत सुरा घेऊन कोसळतो आणि ‘क्रिस्टोफर’ एवढा एकच शब्द उच्चारून प्राण सोडतो. यंत्रावर उमटणाऱ्या ध्वनिलहरी पाहून होम्स ताडतो की, हा आवाज कोणी प्रत्यक्ष बोलत नसून ध्वनिमुद्रिकेतून येत आहे. अर्थात घातपाताची वार्ता तो घडण्यापूर्वीच मुद्रित झालेली असली पाहिजे. रेडिओच्या श्रोत्यांना या युक्तिवादाची गोडी विशेष वाटावी.

बेसिल रॅथबोन यांचा होम्स करारी आहे. पण चित्रपटाचे काळीज म्हणजे एव्हलिन अँकर्स यांनी रंगविलेली किटी. लाइमहाउस वस्तीतील ही स्त्री मृत हस्तकाची प्रिया. चोर, दारुडे, गोदीतील हमाल यांना ती देशासाठी शोध घ्यावयास उठविते. शेवटी एका पडक्या प्रार्थनामंदिरात ती गोळीला बळी पडते. उच्च पदावरील सभ्य गृहस्थाचे कपट आणि हिणविल्या गेलेल्या स्त्रीची निष्ठा, हा विरोध पटकथाकारांना चांगला साधला आहे. रहस्य येथे फोडणे बरे नव्हे; परंतु १९१७ साली प्रसिद्ध झालेली कॉनन डॉईल यांची ‘हिज लास्ट बो’ ही हेरकथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना एक जर्मन नाव कानाला ओळखीचे लागेल.

वस्तुस्थिती मात्र याहून निराळी होती. ‘लॉर्ड हॉ-हॉ’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला विल्यम जॉइस जर्मनीतून इंग्रजीत बोलत असे. १९४६ च्या जानेवारीत त्याला फाशी झाली. आपल्या गावचे घड्याळ मागे पडल्याचेही त्याला ठाऊक असते, अशा वावड्या इंग्लंडभर उठत. शोध घेता असे भाषण कोणी ऐकलेलेच नसे. भय रेडिओपेक्षा शेजाऱ्याच्या तोंडून अधिक पसरत होते. इंग्लंडात उतरलेले जर्मन हेर तर बहुतेक पकडले गेले आणि त्यांतील कित्येकांकडून उलट जर्मनीलाच खोट्या बातम्या पाठविण्यात आल्या. हे १९७२ मध्ये जगजाहीर झाले.

गोमंतकीय श्रोत्यांना ही कथा फार दूरची वाटू नये. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगाव बंदरात आसरा घेतलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात, असा ब्रिटिशांचा दावा होता. १९४३ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याहून निघालेले काही हौशी, बहुतेक प्रौढ वयाचे इंग्रज नागरिक एका जुन्या बोटीतून रात्री त्यावर चढले. तटस्थ बंदरातील ही आगळीक दीर्घकाळ गुप्तच राहिली. पुढे १९८० मध्ये तिच्यावर ‘द सी वुल्व्हज’ हा चित्रपट निघाला. त्या रात्री ‘एरेनफेल्स’ आणि शेजारची आणखी तीन जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडविली. त्यांतील एक इटालियन होते.