सही करण्याआधी

(घाटकोपर येथे शिक्षिका व कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मुलुंडच्या आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी बजावते, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. कागद नवऱ्याने पुढे केलेला असो की सासऱ्याने. आज कबूल करते, स्वतःच्या पुस्तकाच्या वेळी हा नियम मीच मोडला.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षांनी एका प्रकाशकाने मला महाविद्यालयीन पाठ्यपुस्तक लिहायला सांगितले. रात्री मुलगी झोपली की लिहायला बसायचे, असे दहा महिने चालले. मोबदला आठ हजार रुपये, एकरकमी. करार एका पानाचा आणि त्यात 'सर्व हक्क कायमचे' हे शब्द. घरकामगार बायकांच्या पगारासाठी मी भांडते, पण स्वतःच्या श्रमाची किंमत विचारणे मला हावरटपणाचे वाटले. पुस्तकावर नाव येतेय ना, मग झाले!

चार वर्षांनी कॉलेजातली एक मुलगी केंद्रात आली. घरी मारहाण होत होती. पिशवीतून माझेच पुस्तक काढून म्हणाली, "ताई, आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जावं, असं तुम्हीच लिहिलंय ना? पण मारणारे तेच आहेत." नव्या आवृत्तीत २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यावरचा माझा भाग गाळून ही वाक्ये घातली होती. मला कुणी विचारले नव्हते. नाव मात्र माझेच होते.

तेव्हा कुठे मी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडला. त्याचे कलम ५७ सांगते की हक्क विकले तरी लेखिका म्हणून आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' या कादंबरीवरच्या चित्रपटाबाबत याच कलमाचा आधार घेतला होता. करारातल्या अटी या कलमाच्या अधीन राहूनच वाचायच्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटले. मी प्रकाशकाला तसे पत्र लिहिले. पुढच्या छपाईत ती वाक्ये निघाली. पैसे मात्र मिळाले नाहीत, कारण ते मी सही करूनच सोडले होते.

हक्क देण्याचा करार लेखी हवा. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते, मोबदला किती, हे त्यात हवे. मुदत लिहिलीच नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरतात. म्हणून 'कायमचे' हा शब्द दिसला की थांबा.

रॉयल्टी ठरवताना ती कशावर, हे विचारा. शंभर रुपये छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे दहा रुपये. पण विक्रेत्याला चाळीस टक्के सूट देऊन प्रकाशकाच्या हाती साठच आले आणि टक्केवारी त्यावर धरली, तर आपल्याला सहाच. दोन हजार प्रतींवर हा फरक आठ हजारांचा होतो. माझ्या अख्ख्या पुस्तकाचा मोबदला तेवढाच होता!

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी चार गोष्टी मागितल्या: छापील किमतीवर रॉयल्टी, दरवर्षी विक्रीचा लेखी हिशेब, माझ्या संमतीशिवाय मजकुरात बदल नाही, आणि भाषांतर व ई-पुस्तकाचे हक्क माझ्याकडे. प्रकाशक म्हणाले, "मॅडम, एवढं कुणी मागत नाही." शेवटी ई-पुस्तक त्यांना दिले, बाकी तीन मिळवल्या.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी नोट्स, मार्गदर्शिका, शिबिरांच्या पुस्तिका लिहितात. करार हातात पडला की तो घरी आणा. केंद्रात आपण तिघीचौघी मिळून मोठ्याने वाचू. सही दुसऱ्या दिवशीही करता येते.