सुईणीचे हात



गेली तीस वर्षे आम्ही बोलत आलो ते बहुधा कारखान्याच्या दारावर, आणि तेही पगार, बोनस, कंत्राटी पद्धत याच विषयांवर. म्हणून ‘सुईण’ हा विषय आम्ही मागून घेतला तेव्हा चालकांना जरा नवल वाटले. युनियनच्या माणसाने सुईणीवर काय बोलावे? आमचे उत्तर सरळ आहे. सुईणपण हे काम आहे, कसबाचे काम आहे. ज्या कसबावाचून आपण कोणीच या मांडवात बसलो नसतो, त्या कसबाची मजुरी कोणी कधी नीट मोजली नाही. ती मोजावयास लावणे हे कामगार चळवळीचे काम नव्हे, तर कोणाचे? आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. त्यातलेच चार शब्द आपणापुढे ठेवतो.

या रोडपालीत आणि खाडीकाठच्या आसपासच्या गावांत आज पन्नाशी ओलांडलेली जी मंडळी आहेत, त्यांतील बहुतेकांचा जन्म घरातच झाला. आमचाही तसाच. तेव्हा इकडे भातखाचरे होती, मिठागरे होती, आणि सिडकोच्या इमारती उठावयाच्या होत्या. पावसाळ्यात रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या म्हणजे कंदील घेऊन माणूस धावे तो सुईणीकडे. ती हातातले काम टाकून येई. पोटावर हात ठेवून मूल आडवे की उभे ते सांगे. केव्हा जोर करावयाचा, केव्हा धीर धरावयाचा, हे तिला पुस्तकावाचून ठाऊक असे. वार पडेपर्यंत ती उठत नसे. पुढे कित्येक दिवस बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणे, न्हाऊ घालणे, शेक देणे तिच्याचकडे. आणि मिळावयाचे काय? एखादे लुगडे, खण-नारळ, सुपातले तांदूळ. सुतार, लोहार, न्हावी यांना बलुत्यात ठरलेला वाटा होता. बारा बलुतेदारांच्या यादीत सुईणीचे नाव मात्र नाही. पुष्कळ गावी तर जिच्या हातात मूल प्रथम येई, तिलाच एरवी घराच्या उंबऱ्याबाहेर उभी करीत.

आम्ही जुन्याचे गोडवे गावयास उभे नाही. सुईणीला जे ठाऊक नव्हते त्याची किंमतही लोकांनी जबर मोजली. नाळ कापावयास विळा, नाहीतर हाताशी असेल ते पाते. त्यावर कधी राख, कधी शेण. त्यातून बाळाला धनुर्वात होई आणि आठवडाभरात ते हातचे जाई. लोक म्हणत, सटवाईने नेले. बाळंतिणीला ताप भरे. मूल अडले तर पुढे काही इलाज नसे. हे सगळे खरे. पण दोष अज्ञानाचा होता. तिला शिकवावयास कोणी गेले नव्हते, आणि न शिकवता दोष द्यावयास मात्र सगळे तयार होते.

शिकलेल्यांचे हात तरी स्वच्छ होते काय? व्हिएन्ना शहराच्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. मरण अधिक होते ते डॉक्टरांच्या विभागात. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने १८४७ साली कारण शोधले. विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून त्याच हातांनी बाळंतिणीस तपासीत. सुईणी प्रेतांस शिवत नसत. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले, आणि मरण झपाट्याने उतरले. मोठमोठ्या वैद्यांनी त्याचे म्हणणे त्याच्या हयातीत मानले नाही. सांगावयाचे एवढेच की स्वच्छता हा पदवीचा गुण नव्हे, शिकण्याचा गुण आहे.

आता विलायतेत पुढे काय घडले ते पाहा. १८५५ साली जन्मलेल्या रोझालिंड पॅजेट या खाऊनपिऊन सुखी घरच्या बाई. त्यांनी इस्पितळात रुग्णसेवा शिकून घेतली आणि मग सुईणीचे कसब. लंडनात १८८१ साली सुईणींची एक संस्था निघाली होती, तिला त्या येऊन मिळाल्या आणि पुढे तिचा कणा बनल्या. १८८७ साली निघालेल्या ‘नर्सिंग नोट्स’ या पत्रालाही त्यांचा मोठा आधार होता. मागणी एकच : सुईणीचे शिक्षण व्हावे, परीक्षा व्हावी आणि सरकारी पटावर तिचे नाव लागावे. विधेयके आली आणि पडली. काही डॉक्टरांना वाटे, आपल्या पोटावर पाय येईल. काही परिचारिकांनाही हे नको होते. शेवटी १९०२ साली इंग्लंड आणि वेल्सपुरता सुईणींचा कायदा झाला. त्यान्वये नेमलेल्या मध्यवर्ती मंडळावर पॅजेटबाईंनी १९२४ पर्यंत काम केले. १९४८ साली त्या वारल्या.

त्या कायद्यातील एक कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. जी जुनी बाई आधीपासून हे काम करीत होती आणि जिची वागणूक चांगली होती, तिला परीक्षेवाचूनही पटावर येता आले. नव्या बाईस शिक्षणाची सक्ती. पाटी नसलेल्या बाईला पैसे घेऊन नेहमीचे काम करण्यास १९१० पासून मनाई झाली. म्हणजे मध्ये काही वर्षांची मुदतही दिली. नवे यंत्र येते तेव्हा जुन्या कामगाराला एका रात्रीत दाराबाहेर काढू नका, त्याला शिकवा, सामावून घ्या, असे आम्ही कारखान्यात सांगतो. विलायतेने सुईणींच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी केले.

आपल्याकडे काय झाले? मुंबईत १८८६ साली कामा इस्पितळ निघाले, स्त्रियांसाठी, स्त्री-डॉक्टरांच्या हाताखाली. मोठे काम झाले. गिरणीतल्या बाईसाठी मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली आणि बाळंतपणाआधी व नंतर विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे असे ठासून मांडले. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ साली तो देशभरासाठी झाला, आणि २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांवर गेली. म्हणजे बाळंत होणाऱ्या कामगार बाईचा हक्क कागदावर तरी आला. तिचे बाळंतपण करणारी बाई मात्र कागदाबाहेरच राहिली.

याला एक ठळक अपवाद आपल्याच महाराष्ट्रात आहे. तो म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे १९७० साली त्या दुष्काळी मुलखात जाऊन राहिले. १९७१ साली तेथे जन्मलेल्या दर हजार मुलांत १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. शिकलेल्या नर्सबाया खेड्यात राहावयास तयार होईनात. तेव्हा आरोळ्यांनी गावालाच सांगितले, तुमच्यातली एक बाई निवडून द्या. बहुतेक निवडल्या गेल्या त्या निरक्षर, गरीब, पुष्कळशा दलित. त्या आठवड्याला जामखेडास येत, एकत्र जेवत, एकत्र निजत, शिकत आणि परत जाऊन गावाला शिकवीत. हात धुवा, नख काढा, नाळेसाठी उकळलेले पाते आणि उकळलेला दोरा वापरा, गरोदर बाईस धनुर्वाताची सुई टोचून घ्या, अडलेली बाई वेळेवर ओळखून इस्पितळात धाडा. विद्या एवढीच, पण तिने बालमृत्यू काही वर्षांतच निम्म्याहून खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलताई २०१० साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. काम चालू आहे.

यांतील एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे आरोग्याच्या एका मोठ्या परिषदेत या खेड्यातल्या बाईंना बोलावले होते. सभागृहात झुंबरे लखलखत होती. मुक्ताबाईंनी त्यांकडे बोट दाखवून सांगितले की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, देखणे, महाग, आणि बघावयास दूर यावे लागते. मग त्यांनी पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या. एक पेटवली, आणि तिने दुसरी पेटवली. झुंबराला हे जमत नाही, आम्ही मात्र या पणतीसारख्या आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुस्तके वाचून आम्हांस जे इतक्या नेमकेपणाने सांगता आले नसते, ते या बाईंनी दोन पणत्यांत सांगितले.

आता आजचे. महाराष्ट्रात शंभरातल्या नव्वदांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. दर लाख जन्मांमागे मातांचे मृत्यू २०१८ ते २०२० या काळात ३३ वर आले होते; साऱ्या देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. हा मोठा विजय आहे, आणि घरी बाळंत व्हा असे कोणी सांगू लागला तर त्यास आमचा विरोध राहील. पण सुईणीचे अर्धे काम दवाखान्यात गेले आणि अर्धे दारातच उरले. गरोदर बाईची नोंद करणे, तिला तपासणीस नेणे, रात्री गाडी बोलावून तिच्याबरोबर जाणे, परत आल्यावर बाळाचे वजन घेणे, आईला धीर देणे. हे आज कोण करते? आशाताई करते. २००५ सालापासून ही योजना चालू आहे. सरकार दरबारी ती कामगार नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनाने अशा योजनांतील बायांस कामगार मानावे अशी शिफारस केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. २०२४ साली याच आशाताई मुंबईच्या आझाद मैदानात उघड्यावर बसल्या. गौरवाने चूल पेटत नाही, बंधूंनो.

आम्हांस यात जुनीच चाल दिसते. सुईणीला लुगडे दिले, मान दिला, वाटा दिला नाही. आशाताईला साडी दिली, सन्मान दिला, वेतन दिले नाही. बाईचे काम म्हटले की त्याला पुण्य म्हणावयाचे, म्हणजे हिशोब चुकवावयास मोकळे! २०१८ साली केंद्र सरकारने शिकलेल्या सुईण-परिचारिका तयार करण्याची मार्गदर्शक सूत्रे काढली, अठरा महिन्यांच्या शिक्षणासह. चांगली गोष्ट. पण पाट्या लावताना पॅजेटबाईंच्या देशातले ते कलम विसरू नये. जी आधीपासून राबते आहे, तिला प्रथम पटावर घ्या.

रोडपालीकरांस आमची विनंती मोठी नाही. आपल्या आळीची आशाताई कोण, हे घरोघरी ठाऊक असावे. ती मोर्चाला निघाली तर तळोज्याच्या कारखान्यांतील कामगारांनी तिच्या मागे उभे राहावे. कारण आपल्या सुना-लेकींबरोबर रात्री दवाखान्याच्या दारात ती उभी होती. आणि ज्या म्हाताऱ्या सुईणी अजून हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांचे कसब लिहून ठेवावे. त्यात चुकीचे असेल ते सोडून द्यावे, पण बाळंतिणीस एकटी न सोडण्याची जी त्यांची रीत होती, ती दवाखान्यांनीही उचलण्याजोगी आहे.