शहाणी झाली!

इंग्रजीतला 'विज्डम' हा भारदस्त शब्द आपल्याला सहसा भेटतो तो दातांच्या दवाखान्यात. विज्डम टूथ, म्हणजे आपली अक्कलदाढ. ती साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर माणसाला समज आलेली असते, अशी या नावामागची कल्पना. लॅटिन आणि अरबी भाषांतही या दाढेचे नाव अकलेवरूनच पडले आहे. दाढेपुरते तरी जगाचे एकमत म्हणायचे!

'विज्डम'मधला 'वाइज' हा आपल्या 'वेद', 'विद्या' यांच्याच गोत्रातला. 'अक्कल' मात्र अरबीतून आली. उंट भटकू नये म्हणून त्याचा पाय बांधतात, त्या दोरीला अरबीत 'इकाल' म्हणतात. अक्कल याच धातूची लेक. मनाला घातलेले दावे, असे म्हणा ना. अरबीत शहाणपणाला 'हिकमत' असाही शब्द आहे. तो मराठीत आला आणि युक्ती, क्लृप्ती होऊन बसला. हिकमती माणसापासून आपण जरा जपूनच राहतो.

शहाण्याची थट्टा इंग्रजीतही होते. तिथे 'वाइज गाय' म्हणजे आगाऊ माणूस. पण एकाचा दीड झाला की शहाणपण वाढायच्या ऐवजी घटते, हे 'दीडशहाण्या'चे गणित मराठीनेच मांडावे.

बायकांच्या बाबतीत मात्र हा शब्द मला नेहमी खटकत आला. लहान मुलगी हट्ट सोडून गप्प बसली की 'शहाणी गं माझी बाय'. तीच पुढे चारचौघांत दोन शब्द बोलली की 'मोठी शहाणी लागून गेलीस!'

आणि तिसरा अर्थ कुजबुजीतला. आमच्या घरी दखनी बोलत. १९८० साली माझी थोरली बहीण बारा वर्षांची होती, सातवीत. एके दिवशी अम्मी अब्बांना हळूच म्हणाली, "सयानी हो गई." त्याच पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी अम्मीच्या कानात आपल्या मुलीविषयी सांगितले, "शहाणी झाली हो." घरे दोन, मजहब दोन, शब्द जवळपास तोच. दोघींचीही दप्तरे खुंटीला लागली. आपाची कंपासपेटी माझ्याकडे आली. तिच्यातला कर्कटक मी बी. ए. होईपर्यंत पेन्सिलीला टोक काढायला वापरला, कारण भूमिती मला कधी आवडली नाही. आपाला आवडायची.

एकविसाव्या वर्षी आपाची दाढ ठणकू लागली. तेव्हा तिला दोन मुले होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि 'विज्डम टूथ' म्हणाले. बाहेर आल्यावर तिने मला अर्थ विचारला. मी सांगितला.

गालावर रुमाल दाबून ती हसली. "अब आई क्या? मेरेकू तो बारा बरस मेंच सयानी बोले थे!"