विश्वास, प्रीती व पावित्र्य यांची वाढ



आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया प्रथम धर्मशिक्षक, मग व्यापारी, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाचे साधे ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राण अर्पिले. त्या एका दिवसाची तयारी कित्येक वर्षांच्या सेवेने झाली होती.

वाडीतील केळीस नित्य पाणी लागते. तद्वत् विश्वासास प्रार्थना व प्रीतीस क्षमा लागते. आपले मंदिर आज सुशोभित झाले खरे. परंतु बांधाच्या तंट्यावरून भाऊ भावाशी बोलत नसेल, तर ही रोषणाई कशासाठी? उद्याच्या ज्युबिली मिस्साला येण्यापूर्वी, आज रात्रीच त्याच्या दारी जा. पावित्र्याचा आरंभ तेथेच आहे. आमेन.