जांघेतली खाज आणि मेडिकलमधली ट्यूब

(आकाशवाणीवरील भाषण)

आजचा विषय पुरुषांच्या जांघेतल्या आणि जननेंद्रियाच्या खाजेचा. घरात चारचौघं बसलेले असतील तर रेडिओचा आवाज कमी करावासा वाटेल. तसं करू नका. ही खाज लपूनछपून वागवली, म्हणूनच ती इतकी चिवट झाली आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात वडनेर, हिंगणघाट, समुद्रपूर या पट्ट्यात पोळ्याच्या सुमारास कपाशीवर फवारणी चालू असते. पाठीवर पंप, हवेत दमटपणा, आत घट्ट चड्डी, वर जाड पँट. दिवसभराचा घाम जांघेतच मुरतो. वडनेरवरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे ट्रकचालक इंजिनाच्या उष्णतेत तासन्‌तास एका जागी बसलेले असतात. त्यांचीही गत तीच. चार दिवसांनी खाज सुटते. माणूस मेडिकलमध्ये जातो, दुकानात बायामाणसं असली तर ती जाईपर्यंत बाहेर थांबतो आणि मग हळूच म्हणतो, “भाऊ, ते खाजेची ट्यूब द्या ना.”

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि जोडीला क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणूस खूश होतो आणि ट्यूब बाजूला ठेवतो. पण स्टेरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असते. बुरशी मरत नाही, उलट पसरते. पंधरा दिवसांनी खाज परत येते, या वेळी मांडीवर आणि कुल्ल्यावरही. पुन्हा तीच ट्यूब. असं वर्षभर चाललं की कातडी पातळ होते, जांघेत भेगांसारखे पांढरट पट्टे उमटतात, घाम लागला तरी आग होते. मूळ खाजेपेक्षा ट्यूबचाच त्रास मोठा होऊन बसतो.

या जागेची कातडी इतर अंगासारखी नाही. अमेरिकेतल्या फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी 1967 मध्ये मोजून दाखवलं की अंडकोशाच्या कातडीतून स्टेरॉइड हाताच्या कातडीपेक्षा सुमारे 42 पट जास्त शोषलं जातं. म्हणून हातावर चालणारं मलम इथे चालेलच असं नाही. कीटकनाशकंही इथून अशीच झपाट्यानं शरीरात जातात. पंप गळून पाठीवरून पाणी कमरेत उतरलं, तर ओळ संपण्याची वाट पाहू नका. लगेच कपडे बदला आणि अंग साबणानं धुऊन काढा. डेटॉल किंवा फिनाईल मात्र या जागेला लावायचं नाही.

केंद्र सरकारनं 2018 मध्ये त्वचेवर लावायची स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती मागितली की मिळतात. दरम्यान बुरशीही बदलली. गजकर्णाच्या बुरशीचा एक नवा प्रकार 2020 मध्ये जपानी संशोधकांनी नोंदवला. तो भारत आणि नेपाळमधून तिकडे गेलेल्या रुग्णांच्या कातडीत सापडला, म्हणून त्याच्या नावात ‘इंडो’ आलं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तो अनेकदा दाद देत नाही. शेजाऱ्याची गोळी आपल्याला लागू पडत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. खाज एकच वाटली तरी आजार निरनिराळे असतात. त्यांची ओळख सांगतो.

जांघेत लाल चट्टा, कडा उचललेली आणि खवलेदार, मधला भाग जरा साफ, असं असेल तर ते गजकर्ण. ते बहुधा अंडकोशाची कातडी सोडून देतं. औषध चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं आणि खाज थांबली तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे चालू ठेवायचं. पायाच्या बोटांत चिखल्या असतील तर त्यांचाही इलाज सोबतच करा. चड्डी चढवताना तीच बुरशी पायावरून जांघेत येते. म्हणून आधी मोजे घालायचे, मग चड्डी.

रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे, लिंगावर किंवा अंडकोशावर कडक गाठी आल्या आहेत आणि घरातली पोरंही खाजवताहेत, तर ती खरूज. इथे एकट्यानं औषध लावून भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत लावायचं, आठवड्यानं पुन्हा लावायचं आणि कपडे-पांघरुणं गरम पाण्यातून काढायची.

लिंगाच्या टोकाला लाली, दह्यासारखा पांढरा थर आणि पुढच्या कातडीला बारीक चिरा पडल्या असतील, तर आधी रक्तातली साखर तपासा. पुष्कळांना मधुमेह आहे हे अशाच तक्रारीतून कळतं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या काही गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळेही तिथे बुरशी वाढते. पण गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. बायकोला पांढरं जात असेल, खाज असेल, तर दोघांनी मिळून तपासून घ्या. अशा आजाराचा अर्थ कोणी बाहेर गेलं होतं असा होत नाही. या एका संशयापायी घरात नको ते बोललं जातं.

ताप किंवा अंगदुखीची गोळी घेतली की दर वेळी नेमक्या त्याच जागी जांभळट गोल डाग उठतो आणि मागे काळा व्रण राहतो, तर ती त्या गोळीची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी मलमानं काही साधत नाही. ती गोळी ओळखून कायमची टाळावी लागते.

आणि शेवटचा प्रकार अतिस्वच्छतेचा. ब्रिटनमध्ये 1993 साली लिंगाच्या टोकाला वारंवार दाह होणाऱ्या 43 पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांना जंतूंचा आजार नव्हताच, कातडीला चुरचुरणाऱ्या पदार्थांचा त्रास होता. त्यांच्यात दिवसातून अनेकदा साबण लावणारे जास्त होते. साबण कमी करून साधं मऊ मलम लावल्यावर त्यातले बहुतेक बरे झाले.

तेव्हा रोजची निगा अशी. दिवसातून एकदा कोमट किंवा साध्या पाण्यानं धुवा. पुढची कातडी सहज जाईल तितकीच मागे घ्या, धुऊन टिपून घ्या आणि आठवणीनं पुन्हा पुढे आणा, नाहीतर ती मागेच अडकून सूज येते. टॉवेल स्वतःचा ठेवा. चड्डी सुती आणि सैल, रोज धुतलेली आणि उन्हात खडखडीत वाळलेली असावी. ओलसर चड्डी अंगावर वाळवू नका. लिंबू, चुना, लसूण, बॅटरीतलं पाणी, असले उपाय कातडी भाजून टाकतात.

जखम, फोड, लघवीच्या जागेतून पू किंवा न भरणारा व्रण असेल तर आठवडाभर वाट पाहू नका. मधुमेही माणसाला ताप, असह्य वेदना आणि झपाट्यानं वाढणारी काळपट सूज आली, तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. जीवाचा प्रश्न असतो.

कातडीच्या आजाराची लाज या जिल्ह्यानं तरी बाळगू नये. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णांचं काम उभं केलं. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या कुष्ठानं ग्रासलेल्या अंगाला गांधीजी स्वतःच्या हातानं मालीश करत. त्याच सेवाग्रामात 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीलाही आहे आणि दोन्हीकडे त्वचारोगाचा विभाग आहे. सुरुवात मात्र गावातल्या सरकारी दवाखान्यातून करता येते.

जाताना आजवर लावलेल्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. आणि डॉक्टरांना इतकंच सांगा: खाज कधीपासून आहे, काय लावल्यावर थांबते, किती दिवसांनी परत येते आणि घरात आणखी कोणाला आहे.