कॉम्प्युटर गेला, असे म्हणण्यापूर्वी



मोटार दुरुस्ती करणाऱ्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही एका वायरिंगवाल्याला दिलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या धंद्यात मान होता तो इंजिन बांधणाऱ्याचा. हॉर्न वाजेना, दिवा लागेना, म्हणून संध्याकाळी ज्याला बोलावणे जायचे तो वायरिंगवाला. आज गाडी दारात आली की पहिला प्रश्न होतो, ‘स्कॅनर लावला का?’ हा बदल एका पिढीत झाला आणि आपल्यातल्या अनेकांनी तो स्वतःच्या हातांनी पचवला. म्हणून आज मी धंद्याच्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घेणार नाही. जुन्या व्हॅनचा इंजिन कॉम्प्युटर, म्हणजे आपला ईसीएम, बिघडतो किंवा बिघडला असे सांगितले जाते, तेव्हा आपण काय करतो आणि काय करायला हवे, एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

व्हॅनच का, ते सांगतो. आपल्यातल्या ज्येष्ठांचा हात मॅटाडोरवर बसला. डिझेल, पंप, नोझल. त्या गाडीत कॉम्प्युटर नावाची वस्तूच नव्हती. 1984 मध्ये मारुतीची व्हॅन आली, 796 सीसीची, तीन सिलिंडरची, पुढची सीट उचलली की इंजिन हाताखाली. पुढे तिचे नाव ओमनी झाले आणि 2019 पर्यंत ती बनत राहिली. आधी कार्बोरेटरची, मग प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी इंजेक्शनची. नियमांचा हा जिना तुम्हाला पाठ आहे: 2010 मध्ये देशभर बीएस-3, 2017 मध्ये बीएस-4, 2020 मध्ये बीएस-6. प्रत्येक पायरीवर गाडीत वायरी वाढल्या, सेन्सर वाढले आणि ईसीएमच्या त्या पत्र्याच्या डबीवरची जबाबदारी वाढली.

त्या काळातल्या इंजेक्शनच्या व्हॅन आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. कोणी शाळेची मुले नेतो, कोणी मंडईतून भाजी आणतो, कोणाची मंडपाची, कोणाची केटरिंगची. 15 वर्षे झाली की पुनर्नोंदणी, मग दर 5 वर्षांनी तेच. या गाडीचा मालक हौस म्हणून ती बाळगत नाही. ती दोन दिवस उभी राहिली तर घरात पैसे येत नाहीत. अशा माणसाला आपण ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणतो, तेव्हा गाडीच्या उरलेल्या किमतीचा मोठा हिस्सा एका वाक्यात त्याच्याकडून मागत असतो. एवढे मोठे वाक्य पुराव्याशिवाय उच्चारण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे माझे आजचे म्हणणे आहे.

एक गाडी सांगतो. खानावळ चालवणाऱ्या एका बाईंची ओमनी, एमपीएफआय. सकाळ-संध्याकाळ डबे पोचवायची. गाडी गरम झाली की बंद पडायची, थंड झाली की चालू व्हायची, आणि शेवटी एक दिवस चालूच होईना. सेल्फ फिरतो, स्पार्क नाही, इंजेक्टरला पल्स नाही, स्कॅनर लावला तर ‘कम्युनिकेशन नाही’. दोन ठिकाणी दाखवून झाले होते आणि दोन्हीकडे एकच निदान झाले होते. बाई म्हणाल्या, ‘‘दादा, सगळे म्हणतात कॉम्प्युटर गेलाय. तेवढे पैसे घालण्यापेक्षा गाडी विकलेली बरी, नाही का?’’ मी म्हणालो, ‘‘मावशी, आज डबे रिक्षाने पाठवा. गाडी ठेवून जा.’’

आता क्रम पाहा, कारण सगळे मर्म क्रमात आहे. आधी बॅटरी. मग मेन रिले आणि ईसीएमच्या कपलरवर येणारा सप्लाय. इथे नुसता मीटर लावू नका. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो. त्या पिनेवर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावा. तो भरून पेटला तर सप्लाय खरा. मग अर्थ. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे ईसीएमच्या अर्थच्या पिनेवर आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्ट खोला, रंग आणि गंज घासा, पुन्हा आवळा. किती ईसीएम या एका गंजलेल्या बोल्टापायी बदलले गेले असतील, याचा विचार करून मला वाईट वाटते.

मावशींच्या गाडीत हे सगळे ठीक होते. मग मी 5 व्होल्टची लाइन पाहिली. ईसीएम मॅप सेन्सरला, थ्रॉटलच्या सेन्सरला जो 5 व्होल्टचा पुरवठा देतो, तिथे 0.3 व्होल्ट मिळाले. याचा अर्थ दोनपैकी एक: डबीतला रेग्युलेटर गेला किंवा बाहेर कुठेतरी ती लाइन अर्थ झाली आहे. बऱ्याच ईसीएममध्ये बाहेर 5 व्होल्ट बसले की आतला प्रोसेसरही बसतो. म्हणून स्कॅनर मुका होतो आणि आपण समजतो डबी मेली. सेन्सरचे कपलर एकेक काढत गेलो. मॅप काढला, फरक नाही. थ्रॉटलचा काढला, फरक नाही. म्हणजे सेन्सर चांगले, दोष वायरीत किंवा डबीत. सीटखाली, इंजिनाच्या उष्णतेत, वायरिंग एका पट्टीवर घासत होते. टेप वितळून चिकट झाली होती आणि आतली एक वायर पट्टीला टेकली होती. गाडी गरम झाली की टेकायची, थंड झाली की सुटायची. शेवटी कायमची टेकली. ती वायर सोल्डर केली, स्लीव्ह घातले, वायरिंग पट्टीपासून दूर बांधले. मीटरवर 5 व्होल्ट आले, स्कॅनर बोलला, गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

याचा अर्थ ईसीएम कधीच जात नाही, असा घेऊ नका. तो जातो. पण त्यात हलणारा भाग नाही, घासणारा भाग नाही. आपल्या मरणाने तो क्वचित मरतो, बहुधा त्याला मारलेले असते. ट्रकच्या 24 व्होल्टवरून दिलेला जंप. बॅटरी उलटी जोडणे. बॅटरी न सोडवता चॅसिसला केलेले वेल्डिंग. कटआउट गेलेला डायनामो, जो 16-17 व्होल्ट फेकत राहतो. गॅस किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून नुसत्या पिळून बांधलेले जोड. पावसाळ्यात काचेच्या रबरातून झिरपून वायरीवरून कपलरमध्ये उतरणारे पाणी; कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचे, शॉर्ट झालेली कॉइल किंवा इंजेक्टर. कॉइलची प्रायमरी शॉर्ट असली की ज्या गाड्यांत कॉइलचा ड्रायव्हर ईसीएममध्येच असतो, तिथे तो ट्रान्झिस्टर जळतो. तुम्ही नवा ईसीएम आणता, कॉइल तीच ठेवता आणि नवा डबा त्याच संध्याकाळी जळतो. ज्याने मारले त्याला पकडल्याशिवाय दुसरा बळी देऊ नये.

म्हणून डबी खोलायची वेळ आली तर धीराने खोला. नव्वदच्या दशकातल्या जपानी व्हॅन, विशेषतः मित्सुबिशीच्या, यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत: त्यांच्या ईसीएममधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर कालांतराने गळतात. झाकण काढताच कुजलेल्या मासळीसारखा वास येतो, कपॅसिटरच्या पायापाशी हिरवट डाग असतो आणि त्याखालची तांब्याची रेघ खाल्लेली असते. लवकर सापडले तर काही रुपयांचे कपॅसिटर आणि एक जम्पर वायर, एवढ्यात डबी उठते. जोराचे हादरे बसणाऱ्या गाड्यांत कपलरच्या पिनांच्या सोल्डरला गोल चीर पडते. भिंग लावले तर दिसते, नाहीतर नाही. प्रत्येक बोर्ड दुरुस्त होत नाही. काही जेलमध्ये बुडवलेले असतात, काहींचा प्रोसेसरच गेलेला असतो. मेमरी किंवा प्रोसेसरचा कोड, पी0601, पी0605, पी0606 यांपैकी एखादा पुन्हा पुन्हा येत असेल, आणि बॅटरी-अर्थ पक्के असतील, तर मात्र बदलण्याशिवाय इलाज नाही.

बदलायचा म्हणजे काय? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपापल्या गावच्या भंगार बाजारात जाऊन कपलर बसेल ती डबी उचलायची, हे नव्हे. कपलर बसला म्हणजे ईसीएम बसला असे नाही. लेबलवरचा पूर्ण क्रमांक जुळला पाहिजे. सुझुकीच्या ईसीएमचा क्रमांक 33920 ने सुरू होतो, पण खरी ओळख त्याच्या पुढच्या अंक-अक्षरांत असते. एसी आहे की नाही, कुठल्या प्रदूषण नियमाची गाडी, इमोबिलायझर आहे की नाही, हे सगळे तिथे ठरते. चुकीच्या डबीवरही गाडी कधी कधी चालू होते, आणि धोका तिथेच असतो. महिनाभर जास्त पेट्रोल पीत ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते आणि मालक पुन्हा आपल्या दारात येतो.

बॅटरीचे निगेटिव्ह काढल्याशिवाय कपलरला हात लावू नये, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी घाईत किती जण पाळतात, ते प्रत्येकाने मनाशी पाहावे. डिझेल कॉमन रेल व्हॅन असेल तर प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर इंजिन खडखडते आणि धूर सोडते. पेट्रोलवर आयडल शिकू द्यावे लागते. आणि गाडी देण्याआधी ती भर दुपारी, इंजिन तापेपर्यंत, भार घेऊन चालवावी लागते. थंड इंजिनावर पास केलेली गाडी पास झालेली नसते.

इमोबिलायझरवर थोडे जास्त बोलतो. किल्लीतली चिप आणि ईसीएम यांची ओळख जुळली नाही तर गाडी चालू होऊन लगेच बंद पडते किंवा चालूच होत नाही. जुन्या डबीची मेमरी शाबूत असेल तर तिच्यातल्या आठ पायांच्या छोट्या चिपमधली माहिती वाचून दुसऱ्या डबीत लिहिता येते. गाडी आपल्याच किल्लीला ओळखते. हे स्वच्छ, प्रामाणिक काम आहे. पण बाजारात ‘इमो ऑफ’ करून देणारे वाढले आहेत. चोरीपासूनचे संरक्षण कायमचे काढून टाकायचे आणि मालकाला ते सांगायचेही नाही, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. आरसी आणि मालकाचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय, त्याची नोंद ठेवल्याशिवाय कोणीही ईसीएमच्या मेमरीला हात लावू नये. चोरीची एक गाडी आपल्या टेबलावरून गेली, तर कंपन्यांना म्हणायला मोकळीक मिळते की, ही माहिती या लोकांच्या हातात देण्यासारखी नाही.

आणि ती माहिती आपल्याला हवी आहे. हक्काने हवी आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे. पुढे अपिले झाली, प्रकरण कोर्टकचेरीत गेले. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारी आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये मतदारांनीच असा कायदा हवा म्हणून कौल दिला. आपल्याकडे मात्र जुन्या व्हॅनचा ईसीएम जोडायला लागणारा कोड मिळवताना आजही माणसाला चार दारे हिंडावी लागतात. ज्या गाडीचे उत्पादन कंपनीने थांबवले, तिचा वायरिंगचा नकाशा, पिनांचा तक्ता आणि किल्ली-ईसीएम जोडण्याची पद्धत खुली करावी. त्यात कंपनीचे नुकसान काय, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

शेवटचा विषय पैशांचा आहे आणि तो आपल्या घरातला आहे. मावशींच्या गाडीत मी सामान काय घातले? सोल्डर आणि स्लीव्ह. बिलात सामानाचाच आकडा धरला तर ते काम फुकट ठरते; नवा ईसीएम घातला असता तर त्यावर मार्जिन मिळाले असते. चांगले निदान करणारा उपाशी आणि डबी बदलणारा तुपाशी, अशी आपली बिलाची पद्धत आहे. मग तरुण मुले मीटर का शिकतील? तपासणीचे पैसे वेगळे, गाडी आत घेण्याआधी सांगून आणि बिलावर लिहून घेतले पाहिजेत. गिऱ्हाईक कुरकुर करेल हे खरे. पण त्याला कागदावर दाखवा: सप्लाय इतका, अर्थ इतका, 5 व्होल्टची लाइन इतकी, कॉइलचा रेझिस्टन्स इतका. मावशींना मी तो कागद दिला. त्यांनी तो वाचला, दोन प्रश्न विचारले आणि तपासणीचे पैसे घासाघीस न करता दिले.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात दोन ठराव येत आहेत. पहिला असा की, ईसीएम बदलण्याचा सल्ला देताना सप्लाय, अर्थ, सेन्सरची लाइन, कॉइल आणि इंजेक्टर यांची मोजमापे लिहिलेला तपासणी कागद गिऱ्हाइकाला दिलाच पाहिजे, आणि काढलेली जुनी डबी त्याच्या हवाली केली पाहिजे. दुसरा, उत्पादन थांबलेल्या गाड्यांची दुरुस्तीची माहिती खुली करावी, अशी मागणी राज्य आणि केंद्र सरकारकडे करण्याचा. आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी आज दुपारी शेडमध्ये तीन व्हॅन उभ्या आहेत, तिन्हींत मुद्दाम दोष घातले आहेत आणि एकीचाच ईसीएम खरोखर गेलेला आहे. कोणती, ते मुलांनी मीटर लावून शोधायचे आहे. वस्तादांनी त्यांना सांगू नये, एवढी विनंती करतो आणि पहिल्या सत्राला सुरुवात करण्यास अनुमती देतो.